आग्रह

यशोधन गद्रेला 'नाही' म्हणायला कधी जड गेलं नाही. गिरिजाला बघायला गेला तेव्हा तिने एक भजन म्हणून दाखवलं आणि तिच्या वडिलांनी कौतुकाने 'कसं वाटलं?' असं विचारलं. यशोधनने 'वरचा सा लागत नाही' असं सांगून टाकलं. खोलीतल्या सगळ्यांचे चेहरे पडले. यशोधनच्या आईला तर पोह्यांची बशी कुठे ठेवू असं झालं. गिरिजाने मात्र तिथल्या तिथे होकार ठरवला. वरचा सा लागत नाही हे तिला चांगलं माहीत होतं आणि आधी येऊन गेलेल्या एकाही स्थळाने ते सांगितलं नव्हतं.

अशा माणसाला नोकरीही त्याला साजेशीच मिळाली. ॲरिझोनातल्या चँडलर गावी मोटारींच्या एअरबॅगमध्ये बसणाऱ्या चिप बनवायची एक कंपनी होती. तिथे तयार मालाचा प्रत्येक लॉट तपासून पास की नापास ते सांगायचं, हे यशोधनचं काम. लॉटमधले नमुने तो भट्टीत तापवायचा, मग गोठवायचा, पुन्हा तापवायचा आणि चिपच्या पोटातल्या केसाहून बारीक सोन्याच्या तारा ओढून बघायचा. तारा धरून राहिल्या तर हो, सुटल्या तर नाही. यात गोड बोलायला जागा नव्हती आणि यशोधनला तेच आवडायचं. मोटार आदळली आणि एअरबॅग उघडली नाही, तर आत बसलेल्या माणसाला तुमचं गोड बोलणं काय कामाचं, असं तो म्हणायचा. ते त्याचं म्हणणं अगदी बरोबर होतं. फक्त तो ते दिवसातून फार वेळा म्हणायचा.

त्याचं 'नाही' सगळ्यांत जास्त सोसावं लागायचं ते डेलला. डेल हॅगर्टी हा माल चढवण्याच्या धक्क्यावरचा मुकादम. यशोधनने लॉट नापास केला की भरलेली खोकी डेलच्या माणसांनी उतरवायची, फोडायची आणि पुन्हा रचायची. त्यात डेलच्या मेव्हण्याचं अख्खं डिपार्टमेंट आदल्या वर्षी मलेशियाला गेलं होतं. मेव्हणा मात्र मलेशियाला गेला नाही, तो डेलच्या गॅरेजमध्ये राहायला आला. एकूण काय, डेल यशोधनला पाण्यात पाहायचा आणि ते लपवायची तसदीही घ्यायचा नाही. जाता-येता दिसला तर जमिनीकडे बघून थुंकल्यासारखं करायचा.

दोन हजार चारच्या मार्चमध्ये एका सोमवारी सकाळी यशोधन ऑफिसात आला, तर त्याच्या क्युबिकलवर एक कागद चिकटवलेला होता. मोठ्या ठळक अक्षरांत छापलं होतं, 'आशियाई लोकांनो, घरी जा'. खाली बाण काढला होता, पार्किंगच्या दिशेने. तसाच एक कागद शेजारच्या वेन-लिंगच्या क्युबिकलवर होता. वेन-लिंग तैपेईची. ती यशोधनच्या आधीपासून तिथे होती आणि मोजक्या शब्दांत काम उरकायची.

खरं सांगायचं तर आपण आशियाई आहोत हे यशोधनला त्या कागदावरूनच कळलं. आजवर त्याच्या हिशेबी एशियन म्हणजे चिनी, जपानी, फार तर व्हिएतनामी. आपण इंडियन, म्हणजे जरा वेगळ्या पंगतीतले. मंडळाच्या गणपतीत या लोकांच्या डोळ्यांवरून होणाऱ्या विनोदांना तोही हसला होता. आता एका अनोळखी माणसाने दोघांना एकाच कागदात गुंडाळलं होतं, आणि त्याला आलेल्या रागातला थोडा भाग नेमका त्याबद्दलचा होता हे त्याला स्वतःलाही बरं वाटलं नाही. पण बाकीचा राग अस्सल होता. घर म्हणजे कुठलं? याच गावात त्याने घर घेतलं होतं, दारात संत्र्याचं झाड लावलं होतं.

तो दोन्ही कागद सोलून तडक मॅनेजरकडे गेला. ग्रेग हा मनाने भला माणूस, पण कुणी रागावलं की त्याची पाचावर धारण बसायची. यशोधनने त्याला सांगितलं की मला दोनच गोष्टी पाहिजेत. हे कुणी केलं ते शोधा, आणि त्या माणसाने आमच्या तोंडावर येऊन माफी मागायची. 'आमच्या' म्हणताना त्याने वेन-लिंगला विचारलं नव्हतं. ही लोकं कशी बोलणार, आपणच बोललं पाहिजे, असं त्याला वाटलं.

कंपनीने ही गोष्ट फार मनावर घेतली. इतकी मनावर घेतली, की कागद कुणी लावला हा प्रश्न मागेच पडला. एचआरच्या मते तो प्रश्न छोटा होता. मोठा प्रश्न अज्ञानाचा होता, आणि अज्ञानावर उपाय म्हणजे समजून घेणं. म्हणून एप्रिलमध्ये सगळ्या मॅनेजरांना आणि इंजिनिअरांना 'आशिया समजून घेताना' नावाचा दोन दिवसांचा कोर्स सक्तीचा झाला. धक्क्यावरच्या माणसांना तेवढं वगळलं. त्यांना तासावर पगार होता, आणि त्यांना दोन दिवस समजून घ्यायला बसवणं कंपनीला परवडणारं नव्हतं.

कोर्स घ्यायला आल्या डॉक्टर मेरिडिथ. बाई आग्रा-जयपूर करून आलेल्या, केरळात तेलाने अंग रगडून घेतलेल्या आणि दोन्हींचा मनावर खोल परिणाम झालेल्या. गळ्यात रुद्राक्षाची माळ, आवाज दवाखान्यातल्यासारखा हळू. त्यांनी यशोधनला आणि वेन-लिंगला सगळ्यांसमोर दोन खुर्च्यांवर बसवलं, म्हणजे लोकांना समजून घ्यायला समोर काहीतरी असावं. मग त्या आशियाबद्दल बोलायला लागल्या. आशियात माणसाला चेहरा, म्हणजे चारचौघांतली अब्रू, जपावी लागते. आशियात वरिष्ठांचा शब्द मोडत नाहीत. चिनी माणसाच्या डोळ्यांत थेट बघू नये, त्याला अवघडल्यासारखं होतं. लोक वहीत उतरवून घेत होते आणि मधून मधून खुर्च्यांकडे बघून खात्री करून घेत होते. वेन-लिंग कंटाळून गप्प बसली होती, तीही खात्रीच ठरली.

दुपारच्या जेवणाला इंडियन रेस्टॉरंटमधून मोठाले ट्रे मागवले होते. मेरिडिथबाई स्वतः हातात गुलाबजामचं भांडं घेऊन यशोधनपाशी आल्या. यशोधनने मान हलवली, नको, पोट भरलंय. बाई म्हणाल्या, एक तरी. तो म्हणाला, खरंच नको. बाईंनी तिसऱ्यांदा विचारलं, आणि यशोधनने दोन घेतले. आता यात त्याचं काय चुकलं? परक्या बाईने गोड वाढायला आणलं आणि माणसाने पहिल्याच झटक्याला वाटी पुढे केली, असं त्याच्या घरात सात पिढ्यांत कुणी केलं नव्हतं. आणि तिसऱ्या आग्रहाला नाही म्हणणं, हे तर सरळ भांडण उकरून काढणं.

जेवणानंतर बाई चमकत्या डोळ्यांनी फळ्यापाशी गेल्या. आत्ता आपण सगळ्यांनी एक फार सुंदर गोष्ट पाहिली, असं म्हणून त्यांनी समजावून सांगितलं. भारतीय माणसाचा पहिला नकार हा शिष्टाचार असतो, दुसरा नकार संकोच. तुम्ही अमेरिकन लोक पहिल्याच नकाराला मागे फिरता आणि तो माणूस मनातून दुखावतो. तिसऱ्यांदा विचारा, मायेने विचारा, तेव्हा खरं उत्तर मिळेल.

यशोधन ताडकन उभा राहिला. हे जेवणाचं झालं, कामाचं असं नसतं, कामात नाही म्हणजे नाही, असं त्याने स्पष्ट सांगितलं. बाईंनी प्रेमाने विचारलं, खरंच असं नसतं? तो म्हणाला, नसतं. बाईंनी पुन्हा विचारलं, नक्की? तो म्हणाला, नक्की. खोलीत हळूहळू हसू पसरायला लागलं, अगदी मायेचं हसू. बाईंनी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा यशोधन इतका चिडला होता की काही न बोलता खाली बसला. फळ्यावरचं वाक्य तसंच राहिलं.

त्यानंतर ऑफिसात यशोधनचे लाड सुरू झाले. पूर्वी जे लोक नुसते 'हाय' करून पुढे जायचे, ते आता खुर्ची ओढून बसायचे आणि आईवडिलांची तब्येत विचारायचे. कॉफी हवी का असं प्रत्येकजण तीनतीनदा विचारायचा. यशोधन कॉफी पीत नसे. दोनदा नको म्हणून तिसऱ्यांदा नको म्हटलं की ते समंजसपणे मान हलवायचे आणि आणून ठेवायचे. त्याच्या टेबलावर कपांची रांग लागायला लागली. वेन-लिंगची गत याहून विनोदी. तिच्या डोळ्यांत बघायचं नाही म्हटल्यावर सगळे खाली बघून बोलायचे. ती एकदा यशोधनला म्हणाली की आधी मी कुणाला दिसत नव्हते, आता माझे बूट दिसतात.

यशोधन त्यावर मोठ्याने हसला आणि म्हणाला की तुम्ही लोक इतके गप्प असता, तुझ्यात एवढी गंमत आहे हे कळलंच नाही कधी. वेन-लिंगने त्याच्याकडे शांतपणे बघितलं. "मी मीटिंगमध्ये बोलते," ती म्हणाली. "त्या वेळी तू बोलत असतोस." यशोधनला हे लागलं. लागायलाच हवं होतं. त्या दिवशी घरी जाताना त्याने बरंच आठवून पाहिलं, आणि ती म्हणत होती ते खरं निघालं.

कागदाचं काय झालं असं तो अधूनमधून ग्रेगला विचारायचा. ग्रेग म्हणायचा, आपण सगळे आता त्याच्या पलीकडे गेलो आहोत. सगळे गेले असतील, यशोधन गेला नव्हता. गाडी चालवताना तो त्या न सापडलेल्या माणसाला उद्देशून भाषण तयार करायचा. इंग्रजीतलं भाषण मुद्देसूद असायचं, मराठीतलं छापण्याजोगं नसायचं.

जूनमध्ये तिमाही संपत आली आणि एक मोठा लॉट तपासायला आला. गिऱ्हाईक नवं होतं, माल आधीच उशिरा चालला होता. यशोधनने नमुने तापवले, गोठवले, तापवले, आणि तारा ओढल्या. पटापट सुटल्या. त्याने नवे नमुने काढून सगळं पहिल्यापासून केलं. पुन्हा सुटल्या. असल्या चिप मोटारीत गेल्या, तर ॲरिझोनाच्या एका उन्हाळ्यात निम्म्या एअरबॅग नावापुरत्या उरल्या असत्या. त्याने ग्रेगला सांगितलं, नाही.

ग्रेगने खुर्ची ओढली, गुडघ्यावर कोपरं टेकली आणि हळू आवाजात विचारलं की हा लॉट जाऊ शकणार नाही का. यशोधन म्हणाला, नाही. ग्रेगने आईवडिलांची चौकशी केली. मग पुन्हा विचारलं. यशोधनने आलेख समोर ठेवला. ग्रेगने तो बाजूला सरकवला. तिसऱ्यांदा 'नाही' आल्यावर तो विचारात पडला, पण त्याचा निष्कर्ष भलताच निघाला. आपल्या विचारण्यात माया कमी पडतेय, असं त्याला वाटलं. बाईंनी सांगितलंच होतं, आशियात आधी नातं जुळतं, मग काम होतं. त्याने विचारलं की मी तुझ्या घरी येऊ का जेवायला.

गिरिजाला यात काही वावगं दिसलं नाही. ग्रीन कार्डाच्या कागदांवर ग्रेगची सही लागणार होती. साहेब आपणहून येतोय तर येऊ दे, असं म्हणून तिने दोन दिवस आधी चक्का बांधला. श्रीखंड, पुरी, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, मसालेभात असा बेत केला. यशोधनने तिला तेवढंच बजावलं की ऑफिसच्या कामात पडू नकोस. ती म्हणाली की मी कशाला पडतेय, मी वाढणार फक्त.

आणि वाढण्यातच घात झाला. ग्रेगने पहिल्या तीन पुऱ्या आवडीने खाल्ल्या. चौथीला तो म्हणाला, नको, खरंच पोट भरलं. गिरिजाने चौथी वाढली. त्याने ती संपवली, तर पाचवी हजर. तो नको म्हणाला. तिने वाढली. मग त्याने ताटावर आडवा हात धरला. गिरिजाच्या आईच्या घरी ताटावर आडवा हात धरणं ही जेवणाची साधारण मध्यावरची खूण होती. गिरिजाने हाताच्या बाजूने बरोबर जागा काढून श्रीखंडाचा डाव रिकामा केला. ग्रेगच्या कपाळावर घाम आला होता, पण चेहऱ्यावर साक्षात्कार झाल्यासारखा प्रकाश होता. जे फळ्यावर वाचलं, ते आज तो स्वतः जेवत होता. त्याने यशोधनकडे बघितलं, आणि त्या नजरेत इतकी आपुलकी होती की यशोधनने मान खाली घालून कोशिंबीर संपवली.

दारात बूट घालताना ग्रेगने विचारलं, "मग त्या लॉटचं काय?"

"नाही, ग्रेग. तारा सुटताहेत."

ग्रेगने एक डोळा मिचकावला, त्याला घट्ट मिठी मारली आणि पोट सावरत गाडीत जाऊन बसला.

"हसत गेला," गिरिजा म्हणाली. "म्हणजे पटलं त्याला."

यशोधनला रात्री नीट झोप लागली नाही. एकदा उठून त्याने बायकोला जागं केलं आणि विचारलं की पाहुणा नको म्हणतो तेव्हा तू ऐकत का नाहीस. तिने झोपेतच उत्तर दिलं, "ऐकलं तर तो उपाशी राहील ना."

सकाळी ऑफिसात येऊन त्याने कॉम्प्युटर उघडला तर लॉट पास झालेला होता. मॅनेजर म्हणून ग्रेगने स्वतः बटण दाबलं होतं आणि कारण लिहिलं होतं, यशोधनची तोंडी संमती. ग्रेग एका मीटिंगला फिनिक्सला गेला होता आणि फोन उचलत नव्हता. यशोधन धावत सुटला. दोन इमारतींच्या मधलं अंगण उन्हाने नुसतं पेटलं होतं. धक्क्यावर पोचला तेव्हा त्याला बोलायला दम उरला नव्हता. ट्रकची मागची दारं उघडी होती आणि खोकी आत चालली होती. तिथे उभा होता तो नेमका डेल. यशोधनला वाटलं, संपलं. ज्यांना आपण आवडतो ते ऐकत नाहीत, मग हा काय ऐकणार.

"काय?" डेल म्हणाला.

"हा माल जाऊ देऊ नकोस. खराब आहे."

"सिस्टीममध्ये पास दिसतोय. तुझं नाव आहे."

"मी पास केला नाही. मी नाही म्हणालो होतो."

"नाही म्हणालास?"

"हो."

"मग नाही," डेल म्हणाला. त्याने दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. त्याची माणसं थांबली, शिव्या घातल्या आणि खोकी उतरवायला लागली. डेलने खिशातून लाल स्टिकरचं भेंडोळं काढलं आणि एकेका खोक्यावर 'थांबवा' चिकटवत गेला. यशोधन तिथेच भिंतीला टेकून उभा राहिला. गेल्या तीन महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी त्याचं वाक्य जसंच्या तसं घेतलं होतं.

भेंडोळं संपत आलं तसा डेल त्याच्याकडे न बघता बोलायला लागला. तू आल्यापासून माझ्या पोरांची कंबर मोडलीस, तो म्हणाला. एकदा तरी खोटा पडशील म्हणून मी वाट बघत होतो, पण तू कधी पडला नाहीस. मग जरा थांबून म्हणाला, "तो कागद मी लावला होता. दोन्ही."

यशोधनने गाडीत तयार करून ठेवलेली सगळी भाषणं एकदम ओठांवर आली आणि एकही बाहेर पडेना. शेवटी तो एवढंच म्हणाला, "माफी माग."

"नाही," डेल म्हणाला.

डेलचं 'नाही' खरं होतं. मनात एक आणि तोंडात एक असला प्रकार त्यात नव्हता. यशोधनला ते 'नाही' झोंबलं, खूप झोंबलं. पण ते 'नाही'च आहे हे त्याला कळलं, आणि त्याने दुसऱ्यांदा विचारलं नाही.

घरी येऊन त्याने गिरिजाला सगळं सांगितलं. ती भडकली. म्हणाली, "नाव कळलं ना? मग सांग की एचआरला. तीन महिने तेच तर म्हणत होतास, यार."

"सांगितलं तर त्याला काढतील."

"काढू देत. तू का त्याची बाजू घेतोयस?"

"बाजू नाही घेत, गिरिजा. तो गेला तर तिथे माझं 'नाही' ऐकणारा कोण राहिला?"

गिरिजा त्याच्याकडे बघत राहिली. नवरा गमतीने बोलत नाही हे तिला दिसत होतं. मग ती उरलेल्या श्रीखंडाचं पातेलं फ्रिजमध्ये ठेवायला गेली. दुसऱ्या दिवशी यशोधनने वेन-लिंगला मात्र विचारलं, कारण एक कागद तिचाही होता. नाव सांगितलं आणि काय करायचं ते विचारून तो गप्प बसला. गप्प बसायला त्याला कष्ट पडले. वेन-लिंगने बराच विचार केला. तिला वाटत होतं डेलच असणार, ती म्हणाली, आणि तिला त्याची माफी नको होती, त्याने तिच्या वाटेला जाऊ नये एवढंच हवं होतं. यशोधनने 'बरं' म्हटलं आणि विषय तिथेच सोडला.

लॉट पुन्हा तपासला तेव्हा तारा सुटल्याच. सगळा माल भंगारात गेला. तो गिऱ्हाइकाकडे गेला नाही म्हणून ग्रेगचा जीव भांड्यात पडला, पण प्रश्न राहिला. मॅनेजरने पास केलेला ट्रक धक्क्यावरच्या माणसाने थांबवलाच कसा? चौकशी झाली. डेलने सरळ सांगितलं की यशोधन नाही म्हणाला म्हणून थांबवला. एचआरच्या बाईंनी विचारलं, किती वेळा म्हणाला. डेल म्हणाला, एकदा. त्यावर सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. माल खराब होता ही गोष्ट वेगळी, तो निव्वळ योग. पण एका भारतीय सहकाऱ्याचा पहिलाच नकार या माणसाने जसाच्या तसा धरला, पुन्हा विचारायची साधी माणुसकी दाखवली नाही. यात डेलचा दोष नव्हता, त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. धक्क्यावरच्या लोकांना कोर्समधून वगळलं ही कंपनीची चूक होती, आणि कंपनी ती सुधारणार होती.

हे कळलं तसा यशोधन ग्रेगच्या केबिनमध्ये घुसला. डेलला कोर्सला पाठवू नका, असं तो म्हणाला. ग्रेग हेलावला. त्याने विचारलं, नको? यशोधन म्हणाला, नको, मी हात जोडतो. ग्रेगने विचारलं, नक्की नको? यशोधन म्हणाला, नक्की नको. तिसऱ्यांदा ग्रेगने विचारलंही नाही. त्याला आता खुणेने कळायला लागलं होतं.

सप्टेंबरमध्ये डेल दोन दिवस मेरिडिथबाईंपुढे बसला. तिसऱ्या दिवशी सकाळी तो यशोधनच्या क्युबिकलपाशी आला. टोपी काढून काखेत धरली होती आणि दोन्ही हात जोडले होते, बोटं नीट जुळवून. त्याने माफी मागितली. मला तुझी संस्कृती कळत नव्हती, तुझ्यावर लहानपणापासून काय ओझं आहे ते कळत नव्हतं, असं तो म्हणाला. तुझ्या तोंडातून 'नाही' निघायचं तेव्हा तुला किती त्रास होत असेल, आणि मी दगडासारखा ते ऐकून घ्यायचो. बोलता बोलता त्याचे डोळे भरून आले. तो नाटक करत नव्हता. डेलला नाटक जमत नसे. मग तो वेन-लिंगकडे गेला आणि तिच्या बुटांचीही माफी मागितली.

जी माफी हवी म्हणून यशोधन महिनोन्महिने झुरला होता ती अशी आली, आणि ती नेमकी कुणाकडे आली तेच त्याला कळेना. समोरच्या माणसाच्या मनात आता त्याच्याबद्दल तिळभर राग नव्हता. डेलचा हात हातात घेऊन त्याने 'थँक्यू' म्हटलं, कारण दुसरं काय म्हणणार, आणि त्याला आतून एकदम एकटं वाटलं.

त्याच आठवड्यात आणखी एका लॉटच्या तारा सुटल्या. ग्रेगने नेहमीप्रमाणे मायेने विचारून तो पास केला होता. यशोधन धावत धक्क्यावर गेला. ट्रक भरून तयार होता, ड्रायव्हर आपल्या जागेवर चढत होता.

"डेल, हा माल जाऊ देऊ नकोस," तो म्हणाला. "खराब आहे."

डेलचा हात खिशाकडे गेला आणि मध्येच थांबला. तो यशोधनकडे वळला, अगदी जवळ आला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून ग्रेगसारखा हसला.

"आईवडील कसे आहेत?" डेलने विचारलं.

"डेल, नाही. माल थांबव."

ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं. डेलने समजुतीने मान हलवली, क्षणभर वाट बघितली आणि पुन्हा, पहिल्याहून जास्त मायेने विचारलं, "खरंच नाही?"